नानोटे सरांची बर्फी

नानोटे सरांच्या घरात एखाद वेळी दूध संपायचं, साखर संपायची, पण संत्रा बर्फीचा डबा रिकामा आहे असं माझ्या पाहण्यात कधी आलं नाही. पाहुण्यांसाठी नव्हता बरं का तो. पाहुण्यांना चिवडा मिळायचा. बर्फी भांडणासाठी असायची.

म्हणजे असं, की आमच्या गल्लीत कोणाचं कोणाशी वाजलं की दोघांनाही सरांच्या व्हरांड्यात नेऊन बसवायचं. सर दोघांचं ऐकून घेणार, मान हलवणार, मधेच उठून आत जाणार आणि डबा घेऊन येणार. मग ह्यानं त्याला बर्फी भरवायची, त्यानं ह्याला. सर मधे उभे, दोघांच्या खांद्यावर एकेक हात. "दोघंही आपलेच आहेत," असं म्हणायचे. झालं भांडण खलास. लोक म्हणायचे, कोर्टाला कुलूप लावा, नानोटे सर आहेत.

मी त्यांची शेजारीण. नागपुरात लकडगंजच्या मागच्या अंगाला आमची ही गल्ली, माझ्या यजमानांचा आरा मशीनचा धंदा होता तेव्हापासूनची. दोन्ही घरांमधे फक्त छातीएवढी भिंत. त्यामुळे सरांविषयी आता जो तो उठून बोलतो नं, कोणी देव करतो, कोणी राक्षस करतो, तेव्हा माझं डोकंच फिरतं. अरे, तुम्ही पाहिलाय का तो माणूस? मी पाहिलाय. भिंतीवरून रोज पाहिलाय.

उंच, किंचित वाकलेले, पांढरा हाफ शर्ट. उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा बांधून स्कूटरवर कॉलेजात जायचे, प्राचार्य असून. संस्थेनं गाडी दिली होती. ती यांनी शिपायाच्या बायकोला दवाखान्यात न्यायला-आणायला लावून दिली. हॉर्न वाजवत नसत. पुढे गाय उभी असली तरी स्कूटर थांबवून, "चला माय, चला," म्हणत उभे राहायचे. रस्त्यानं जाताना पहिला नमस्कार त्यांचाच. भाजीवालीलाही, पोरांनाही. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा माझी दोन्ही मुलं बाहेरगावी, आणि हा माणूस कॉलेज सुटलं की सरळ येऊन पलंगाशी बसायचा. पेपर वाचून दाखवायचा. हे मी विसरणार नाही, आणि पुढचं लिहितानाही मला ते विसरायचं नाहीये. तेच तर दुखणं आहे सगळं.

पण त्यांच्या त्या बर्फीत काय खोट होती, ते मला आधीच कळलं होतं. पलीकडच्या घरच्या इंगोल्यांनी मोरीचं पाणी माझ्या अंगणात सोडलं होतं. मी बोलले, इंगोलीणबाई चार शब्द जास्त बोलली. गेलो सरांकडे. सरांनी ऐकलं. बर्फी आली. मी तिला भरवली, तिनं मला भरवली, सरांनी खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि इंगोल्यांच्या मोरीचं पाणी? ते अजूनही माझ्याच अंगणात येतं! आज सकाळीसुद्धा आलं. कारण पाणी कोण सोडतं, हे त्या व्हरांड्यात कोणी विचारलंच नाही. मी एकदा म्हटलं, "सर, बर्फी खाल्ली, पण पाणी?" तर हसून म्हणाले, "ताई, मन मोकळं झालं नं? पाण्याचं काय, वाहून जाते."

वाहून जाते! माझ्या तुळशीवरून वाहून जाते, सर.

कॉलेजातही हाच प्रकार. दोन प्राध्यापकांचं एका केबिनवरून भांडण झालं. ज्याला लेखी मिळाली होती त्याला ती देऊन टाकायची की नाही? यांनी दोघांनाही त्याच केबिनमध्ये बसवलं. बर्फी भरवून. ते दोघं निवृत्त होईपर्यंत एकमेकांकडे पाठ करून बसले. विद्यार्थी आत गेला की कोणाच्या तोंडाकडे बघून बोलावं हे त्याला कळायचं नाही. आणि सर सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, "पाहा, एका खोलीत नांदून राहिले!" सरांच्या बायकोनं, कुमुदवहिनींनी, एकदा भिंतीपाशी उभं राहून मला सांगितलं होतं, "याइले कोणाले वाईट म्हटलेलं सहन होत नाही वं. कोणालेच. चोराले चोर म्हणायची वेळ आली तर हे त्याले पाणी विचारतीन." वहिनी लवकर गेल्या. त्या असत्या तर पुढचं घडलं नसतं असं मला वाटतं. वाटून काय उपयोग.

प्रणाली माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली, ती सरांनीच आणून दिलेली. कन्हानची मुलगी, वडील खाणीत. कॉलेजच्या कबड्डीच्या टीममध्ये होती. सराव पहाटे असायचा, त्या वेळी कन्हानहून बस मिळत नाही, म्हणून खोली. सर स्वतः तिची पेटी उचलून जिना चढले. "ताई, ही पोरगी चढाईला गेली की समोरच्या टीमचं काही खरं नाही. सांभाळा हिला."

काय मुलगी होती! वाळल्या शेंगेसारखी, पण जिना उतरायची तर दोन-दोन पायऱ्या. माझ्या अंगणात खडूनं रेघा मारून एकटीच सराव करायची, "कबड्डी कबड्डी" म्हणत तुळशीला शिवून परत. मी म्हणायची, "माझ्या तुळशीले आऊट करते का वं?" ती म्हणायची, "आजी, तुळस लोना झाली तुमची!" लोना म्हणजे अख्खी टीम आऊट, हेही तिनंच मला शिकवलं. आणि खायला? भाकर, झुणका, ठेचा, काहीही द्या.

मग ती खायची थांबली.

आधी वाटलं परीक्षा असेल. मग म्हणाली वजन वाढतंय. मी म्हटलं, कोणाचं? तुझं? अंगावर मांस नाही तुझ्या! ती म्हणाली, कोच सर वजन करतात. कबड्डीत वजनाची मर्यादा असते म्हणे, त्याच्या वर गेलं तर खेळता येत नाही. बरं, असेल. पण ती मर्यादा जाड्या पोरींना लागणार नं? ही तर त्याच्या निम्म्यात बसेल. हिचं वजन दर आठवड्याला कशाला? आणि मैदानावर नाही, सामानाच्या खोलीत, एकेकीचं, दार लावून? मी फार न शिकलेली बाई, मलासुद्धा ते दार खटकलं. एवढं मोठं कॉलेज, एवढे शिकलेले लोक, त्या दाराकडे बघून कोणाला काही वाटलं नाही?

त्या कोचचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याचं नाव खूप छापून आलं, पुरे झालं.

एका संध्याकाळी प्रणाली कॉलेजातून आली ती सरळ अंगणातल्या नळावर. चूळ भरतेय, थुंकतेय, पुन्हा चूळ भरतेय. मी भाजी निवडत होते. म्हटलं, "काय खाल्लं वं?"

"बर्फी," म्हणाली.

मी हसले. म्हटलं, "कोणाशी भांडली?"

ती तिथेच नळाशी खाली बसली आणि तिनं सांगितलं. सगळं नाही सांगितलं, जेवढं तोंडातून निघालं तेवढं. त्या खोलीत काय होत होतं, तो कुठे हात लावत होता, नाही म्हटल्यावर टीममधून काढीन म्हणत होता. ती हिंमत करून प्राचार्यांच्या ऑफिसात गेली होती. त्यांनी सगळं ऐकलं. डोळे पुसले म्हणे त्यांनी. मग घंटी वाजवून शिपायाला सांगितलं, कोचला बोलाव. तो आला, मान खाली घालून उभा राहिला, "गैरसमज झाला, मुलीसारखी आहे," म्हणाला. आणि सरांनी कपाट उघडलं. डबा तिथेही होता.

"आजी, सरांनी मले त्याच्या हातून बर्फी खायला लावली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणे तू पण आपलीच, तो पण आपलाच."

मी तशीच पदर खोचून सरांकडे गेले. ते व्हरांड्यात खुर्चीत बसले होते, समाधानात. खरं सांगते, समाधानात! चेहऱ्यावर तेच, इंगोलीणबाईच्या वेळचं.

"सर, हे काय करून बसले तुम्ही?"

"काय झालं ताई?"

"त्या पोरीनं तुमच्याकडे तक्रार केली, आणि तुम्ही तिले त्याच्याच हातून भरवलं?"

"मिटलं नं ते," सर म्हणाले. "त्यानं शब्द दिला मले. रडला तो. बायको-पोरं आहेत त्याची. तिचंही नाव झालं असतं विनाकारण. ताई, दोघंही आपलेच आहेत."

"तुमच्या कॉलेजात तक्रारीची समिती आहे नं? पाटी लावली आहे मोठी. मी पाहिली, वार्षिक कार्यक्रमाले आली होती तेव्हा."

"समितीत गेलं की वाढतं. संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं मी. तेही म्हणाले, समजुतीनं घ्या, तपासणीची कमिटी येणार आहे."

"म्हणजे घरी पाहुणे येणार म्हणून कचरा दिवाणाखाली ढकलायचा?"

ते फार हळू म्हणाले, "तुम्ही रागावल्या आहात. उद्या बोलू." आणि सवयीनं, अगदी सवयीनं, उठले आणि आत जायला लागले. डबा आणायला! मी म्हटलं, "सर, बर्फी आणली तर भिंतीवरून फेकून मारीन." आणि निघून आले.

प्रणालीनं खेळणं सोडलं. घरी सांगितलं, पाय मुरगळला. मी म्हटलं पोलिसात जाऊ, मी येते. ती नाही म्हणाली. म्हणाली, "प्राचार्यांनीच ऐकलं नाही आजी, मग माझं दुसरं कोण ऐकते?" तरी तिला वाटत होतं सर काहीतरी करतील अजून. सर भिंतीपलीकडून विचारायचे, "प्रणाली खेळायला येत नाही, काहून?" मी भांडं आपटून आत जायची.

मग ते फुटलं. सावनेरकडची एक मुलगी, प्रणालीच्या नंतर टीममध्ये आलेली. तिचा बाप कापसाचा शेतकरी, ऐकून घेणारा माणूस नव्हता. मुलीला घेऊन सरळ ठाण्यात गेला. कोचला धरून नेलं, मैदानावरून, शिट्टी गळ्यात असताना.

आणि मग जो तमाशा सुरू झाला! देवा रे. आमची गल्ली म्हणजे जत्रा. चॅनेलवाले सरांच्या फाटकासमोर, आणि सरांचं फाटक बंद म्हणून माझ्या. एक पोरगी माईक घेऊन म्हणाली, "आजी, तुम्हाला कसं वाटतंय?" मी म्हटलं, "ऊन लागून राहिलं, बाजूले सरक, माझे पापड वाळत आहेत." तेच त्यांनी टीव्हीवर दाखवलं. माझा मुलगा पुण्याहून फोन करून ओरडला.

एक मोर्चा यायचा, "प्राचार्य हाय हाय". त्यातल्या अर्ध्या पोरांना त्या कोचचं नावही नीट माहीत नव्हतं. सरांच्या स्कूटरची सीट कोणीतरी ब्लेडनं फाडली. दुसऱ्या दिवशी दुसरा मोर्चा, "नानोटे सर संघर्ष करो". त्यात सरांचे जुने विद्यार्थी, आता कोणी वकील, कोणी ठेकेदार. त्यांच्यापैकी एक मला सांगत होता, "काकू, सरांनी माझी फी भरली होती. असा माणूस चुकीचं करूच शकत नाही." अरे बाबा, तुझी फी भरली म्हणून त्या पोरीचं काय? फीचा आणि ह्याचा काय संबंध? पण बोलायची सोय नाही. तिकडे बोललं तर तुम्ही सरांच्या विरोधात, इकडे बोललं तर तुम्ही मुलींच्या विरोधात. भिशीत बायका माझ्यापासून सरकून बसायला लागल्या. मधल्या वाटेनं नव्हते मी चालत हो, मी फक्त जे झालं ते सांगत होते. तेवढंच कोणाला नको होतं.

संस्थेचे अध्यक्ष टीव्हीवर आले, चंदेरी चष्मा, म्हणाले, "आम्हाला अंधारात ठेवण्यात आलं." सरांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. सर गप्प. अध्यक्षांना सांगितलं होतं हेसुद्धा बोलले नाहीत. का? कारण अध्यक्षही आपलेच!

आणि ह्या सगळ्यात माझ्या वरच्या खोलीतल्या मुलीचं नाव बाहेर आलं. कोणी आणलं देव जाणे. भिशीत इंगोलीणबाई माझ्याच तोंडावर म्हणाली, "सावनेरवालीनं हिंमत केली बाई. ही तुमची कन्हानची काहून गप्प बसली इतके दिवस? आधीच बोलली असती तर दुसरी पोरगी वाचली असती."

म्हणजे दोष कोणाचा? प्रणालीचा! मी तिला सांगितलं, "ती गप्प नव्हती बसली, ती बोलली होती." "कोणाले?" "सरांले." "असं कसं? सरांले सांगितलं असतं तर सरांनी नसतं का काही केलं?" आता काय डोकं आपटू मी!

प्रणालीच्या वडिलांना खाणीत कोणीतरी हेच ऐकवलं. ते तिला घरी न्यायला आले. ती जिन्यावर बसून होती. म्हणाली, "आजी, मले कोचचं काही नाही. त्याचं जे व्हायचं ते होईन. फक्त एक माणूस एक वाक्य बोलला तर पुरे. की मी आली होती. त्या ऑफिसात आम्ही तिघंच होतो. कोच तर बोलणार नाही."

एवढंच मागत होती मुलगी. त्यासाठी ती कन्हानला गेली नाही. आणि ते वाक्य भिंतीपलीकडे होतं.

मी सरांच्या व्हरांड्यात गेले, कितीतरी दिवसांनी. दाढी वाढलेली. कूलर बंद, घामानं निथळत बसलेले. मी म्हटलं, "मी भांडायले नाही आली. ती पोरगी काय म्हणते तेवढं सांगते." आणि सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, शर्ट घालून ते माझ्या फाटकातून आत आले. जिना चढायला लागले. हातात डबा! माझा विश्वास बसेना. ह्या माणसाला दुसरं काही येतच नाही का? मी मागून गेले.

प्रणालीनं दार उघडलं. सर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "बेटा, माझं चुकलं," म्हणाले. "मी तुझ्यापुढे हात जोडतो."

तिनं आधी डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. रागावली नाही. आवाज चढवला नाही.

"सर, मले कायले सांगता? मले माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"लोक..." सर म्हणाले.

"हो, लोकांनाच."

सर डबा घेऊन खाली उतरले. माझ्या फाटकाशी थांबून म्हणाले, "ताई, हा ठेवा तुम्ही." मी घेतला नाही. त्यांच्याजवळच राहू द्या म्हटलं.

तेवढ्यात त्यांच्या भक्तांनी सत्काराचं काढलं. सरांची निवृत्ती तशीही जवळ होती, संस्था निरोप देणार नाही, तर आपण देऊ. समाजभवनात कार्यक्रम, मोठा फ्लेक्स, सरांचा फोटो ढगांमधे. सर नाही म्हणतील असं मला वाटलं. ते हो म्हणाले. मी मनात म्हटलं, घ्या! आता शाल-श्रीफळही घेणार!

गेले मी. प्रणालीलाही नेलं, ती तोंडाला दुपट्टा बांधून शेवटच्या रांगेत बसली, मी बाजूला. भाषणं झाली. कोणी सरांना वडाची उपमा दिली, कोणी दिव्याची. शाल पांघरली. मग सर माईकसमोर उभे राहिले.

म्हणाले, "प्रणाली माझ्याकडे आली होती. सगळ्यात आधी. तिनं सगळं सांगितलं. मी ते दाबलं. मी अध्यक्षांना सांगितलं, आम्ही दोघांनी मिळून ते दाबलं."

आणि काय झालं असेल सांगा? टाळ्या! हॉलभर टाळ्या. सूत्रसंचालन करणारा पोरगा दुसरा माईक ओढून म्हणतो, "बघा मित्रहो, काय हे मोठं मन! दुसऱ्यांचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला!"

"दुसऱ्यांचा नाही," सर म्हणाले, "माझाच आहे."

आणखी जोरात टाळ्या. मागून कोणीतरी, "नानोटे सर, आगे बढो!" माझ्या शेजारी प्रणालीनं कपाळाला हात लावला. मला हसावं की ओरडावं कळेना. माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून राहिला, आणि ह्यांना ऐकूच येत नाही!

सरांनी शाल काढली. घडी घातली, नीट, खुर्चीवर ठेवली. आणि टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले,

"मी त्या माणसाला बोलावलं आणि त्याच्या हातून तिला बर्फी खाऊ घातली. जे हात तिला नको होते, त्याच हातांनी. ती नाही म्हणत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून खायला लावली. तुमच्यापैकी कितीतरी लोकांनी माझ्याकडे बर्फी खाल्ली आहे. म्हणून सांगतो."

आता टाळी कोण वाजवणार? पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सूत्रसंचालकाच्या हातातला माईक कुईं करून वाजला. इंगोलीणबाई माझ्या पुढेच बसली होती, ती मागे वळली आणि दुपट्ट्यातल्या डोळ्यांकडे पाहून पुन्हा पुढे वळली. सर स्टेजवरून उतरले आणि बाजूच्या दारानं निघून गेले. नारळ तिथेच राहिला.

तुम्हाला वाटेल, झालं, आता लोक शहाणे झाले. कुठचं काय! दुसऱ्या दिवशी अर्धे भक्त म्हणाले, सरांच्या डोक्यावर परिणाम झाला, बिचारे. उरलेले म्हणाले, शेजारणीनं डोक्यात भरवलं. म्हणजे मी! अध्यक्षांनी खुलासा काढला, प्राचार्य वयोमानानं गोंधळलेले आहेत. पण सर चौकशीच्या समितीपुढे गेले आणि तेच बोलले, जसंच्या तसं, अध्यक्षांसकट. सरांचं नाव कॉलेजच्या प्राचार्यांच्या फलकावर लावलं नाही. अध्यक्ष अजून अध्यक्षच आहेत. सरांच्या बाबतीत जेवढं लवकर झालं, तेवढं त्यांच्या बाबतीत व्हायला काय लागतं, हे मला कोणी समजावून सांगेल का? कोच मात्र आत आहे, केस चालू आहे. आणि गल्लीत "काहून गप्प बसली" असं प्रणालीला पुन्हा कोणी म्हटलं नाही. निदान माझ्यासमोर नाही.

ती परत खेळायला लागली. नवीन कोच बाई आल्या, वजनकाटा मैदानात, उन्हात ठेवतात, सगळ्यांसमोर.

सरांचा व्हरांडा नंतर रिकामाच असायचा. लोक भांडत होते, भांडायचं कोण सोडतंय, पण सरांकडे कोणी जात नव्हतं. एकदा मी भिंतीवरून पाहिलं तर ते काठी घेऊन इंगोल्यांच्या मोरीचा उतार बघत उभे होते. मला म्हणाले, "ताई, पाणी त्यांच्याकडूनच येतं हो." मी म्हटलं, "वा सर! लागला शोध!" ते हसले नाहीत. इंगोल्यांकडे जाऊन सांगून आले. इंगोल्यांनी ऐकलं नाही, ते सोडा.

पुढे त्यांचा मुलगा त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. जायच्या आधी ते मला म्हणाले, "विद्यापीठाची फायनल आहे, येता का? एकट्यानं जायची हिंमत होत नाही." गेलो आम्ही. सर सगळ्यात वरच्या पायरीवर, खांबाच्या आडोशाला बसले, डोक्याला ओला दुपट्टा. लोकांनी ओळखलं. कोणी नमस्कार केला, कोणी तोंड फिरवलं. ते दोघांनाही सारखंच मान हलवत होते.

प्रणाली चढाईला गेली की माझा जीव वर यायचा. शेवटच्या चढाईत तिला तिघींनी धरलं, आणि ती सरपटत, हात लांब करत, रेघेला शिवली. मैदान ओरडत होतं. सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून बसले होते.

जिंकल्यावर मुली मिठाईचा डबा घेऊन पायऱ्यांवर चढल्या, बघणाऱ्यांचं तोंड गोड करायला. आमच्या बाजूला प्रणालीच आली. गुडघा सोललेला, केसांत माती. प्रत्येकापुढे डबा धरत, एकेक पायरी वर. मी पाहिलं, संत्रा बर्फी होती. नागपुरात दुसरं काय असणार. तिनं मुद्दाम आणली नसेल. पण सरांनी पाहिली, आणि ते खांबाला टेकले.

तिनं मला दिली. गळ्यात हात घालून म्हणाली, "आजी, तुळस परत लोना!" मग सरांपुढे आली. डबा पुढे धरला. सरांचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. वरही जाईना, खालीही येईना.

प्रणाली थांबली. घाई नव्हती तिला.

"सर, घ्यायची असली तर घ्या," ती म्हणाली. "जबरदस्ती नाही."

सरांनी हात मागे घेतला, दोन्ही हात जोडले आणि मान नाही अशी हलवली. तिनं मान डोलवली, जशी कोणालाही डोलवली असती, आणि डबा घेऊन पुढच्या माणसाकडे गेली.

सर उठले. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले, मी मागोमाग. खाली फाटकाशी कोणाच्या तरी दोन गाड्या एकमेकींना धडकल्या होत्या, पोरं हमरीतुमरीवर आली होती. सर त्यांच्याजवळ पोहोचले, थांबले. मला वाटलं, आता खांद्यांवर हात ठेवतात.

त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि विचारलं, "आधी कोणी मारली?"